चालत्या जेव्हीएममध्ये क्लास बदलताना

जेव्हीएमवर, म्हणजे जावा व्हर्च्युअल मशीनवर, चालू असलेला प्रोग्रॅम न थांबवता त्यातला क्लास बदलता येतो, हे मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा वाटलं, आता रीस्टार्ट संपला. हा समज घालवला एका लॅम्डाने, म्हणजे नाव न देता जागेवरच लिहिलेल्या फंक्शनने. मेथडमध्ये दोन ओळींची दुरुस्ती केली, तिच्यात एक लॅम्डा आला आणि व्हर्च्युअल मशीनने पॅच नाकारला: नवी मेथड घालता येणार नाही. मी तर एकही मेथड लिहिली नव्हती! लिहिली होती कंपायलरने. लॅम्डाच्या आतला कोड तो एका खासगी मेथडमध्ये नेऊन ठेवतो, आणि मशीनला दिसते ती कंपाइल झालेली क्लास फाइल, आपला सोर्स नाही. म्हणून पॅच लहान की मोठा, हे सोर्सवरून ठरवू नका, एवढंच मला आज सांगायचं आहे.

चालता क्लास बदलायची ही सोय २००२ मधल्या जावा १.४ पासून डीबगरला मिळाली. जावा ५ पासून एजंटलाही, म्हणजे मशीनला जोडून चालवायच्या मदतनीस प्रोग्रॅमलाही. नियम तेव्हापासून जवळजवळ तोच आहे: मेथडच्या आतला कोड बदला, फील्ड, मेथडची नावं, सिग्नेचर, सुपरक्लास यांना हात लावू नका. हा नियम मला जाचक वाटत नाही. हीपमध्ये, म्हणजे ऑब्जेक्ट ठेवायच्या मेमरीत, त्या क्लासचे लाखो ऑब्जेक्ट आधीच मांडलेले असू शकतात. एक फील्ड वाढवायचं तर त्या प्रत्येकाची मांडणी बदलावी लागेल. खासगी स्टॅटिक मेथड वाढवायला मात्र हॉटस्पॉट, म्हणजे जेडीके या जावाच्या विकास-संचातलं नेहमीचं जेव्हीएम, पूर्वी सूट देत असे. जेडीके १३ पासून ती सूट आपणहून मिळत नाही, त्यामुळे जुन्या जेडीकेवर बिनबोभाट गेलेला पॅच नव्यावर अडतो.

नकार परवडला, कारण तो दिसतो तरी. मला धास्ती वाटते ती होकाराची. समजा, क्लासमध्ये स्टॅटिक फायनल, म्हणजे न बदलणारा स्थिरांक म्हणून लिहिलेली मर्यादा ३० होती, ती तुम्ही ६० केली. पॅच स्वीकारला जातो. पण ती मर्यादा वापरणाऱ्या इतर क्लासमध्ये कंपायलरने ३० हा आकडाच कोरून ठेवलेला असतो. या क्लासच्या मेथडमध्ये ६०, शेजारच्या क्लासमध्ये ३०. रिफ्लेक्शनने, म्हणजे चालत्या क्लासलाच त्या फील्डची किंमत विचारली तरी ३०च, कारण क्लास पुन्हा इनिशियलाइज होत नाही, स्टॅटिक फील्डच्या किमती होत्या तशाच राहतात. एकाच प्रोसेसमध्ये दोन मर्यादा, आणि लॉगमध्ये चूक म्हणून काहीच नाही.

तसंच चालू फ्रेमचं, म्हणजे आधीच सुरू झालेल्या मेथड-कॉलचं. एखादा थ्रेड मेथडमधल्या अखंड लूपमध्ये फिरत असेल, तर तो जुनाच बाइटकोड (क्लास फाइलमधला कंपाइल झालेला कोड) चालवत राहतो. मेथडला पुढचा कॉल होईल तेव्हा नवा कोड लागू होतो, आणि इथे पुढचा कॉल येतच नाही. अशा लूपचं काम मी सुरुवातीलाच वेगळ्या मेथडमध्ये काढून ठेवतो. मग पुढच्या फेरीपासून दुरुस्ती लागू होते.

आणि पॅच पाठवण्याआधी जुनी व नवी क्लास फाइल जावापीने (क्लास फाइलमध्ये काय आहे ते दाखवणाऱ्या जेडीकेच्या साधनाने) उघडून, खासगी मेथडसकट, शेजारी ठेवून पाहतो. त्या लॅम्डाची जास्तीची मेथड तिथे पहिल्याच नजरेत दिसली असती.