मिरवणूक कोणत्या गल्लीतून जाणार?

नमस्कार श्रोतेहो.

आखाजी, म्हणजे आपली अक्षय्य तृतीया, जवळ आलीय. माहेरवाशिणी येतील, गौराई बसेल, सांजोऱ्या तळल्या जातील, आणि मग दरवर्षीचा प्रश्न पुढे येईल, झोका बांधायचा कुठे? गावाकडे निंबाची जाड फांदी असते, प्रश्नच नसतो. जळगाव, धुळे, भुसावळच्या नव्या कॉलन्यांत मात्र पोरी दोर घेऊन फिरतात आणि शेवटी पार्किंगच्या तुळईला झोका टांगतात. वर स्लॅब, शेजारी चार मोटारसायकली, आणि मधे आखाजीची गाणी.

आज ह्याच विषयावर बोलायचंय. आपली वस्ती कशी आखली जाते, आणि तिथे राहणाऱ्यांपैकी कोणाला ‘ही माझी जागा’ असं वाटतं, कोणाला वाटत नाही.

शहरांचा अभ्यास करणाऱ्यांनी ह्यावर पुष्कळ काम केलंय. त्यातलं एकच सांगते. डोनाल्ड ॲपलयार्ड नावाचे एक प्राध्यापक होते. त्यांनी १९६९च्या सुमारास अमेरिकेत, सॅन फ्रान्सिस्कोत, तीन रस्त्यांची पाहणी केली. घरं साधारण एकसारखी, फरक गाड्यांचा. एका रस्त्यावरून दिवसाला २,००० गाड्या जायच्या, दुसऱ्यावरून ८,०००, तिसऱ्यावरून १६,०००. पहिल्या रस्त्यावरच्या माणसाला त्याच रस्त्यावर सरासरी ३ मित्र होते. तिसऱ्या रस्त्यावर ०.९, म्हणजे पुरता एकही नाही. पुन्हा सांगते, कमी गाड्या तर तीन मित्र, जास्त गाड्या तर एकही पुरता नाही. मग त्यांनी लोकांना विचारलं, ‘माझं घर’ कुठवर, ते कागदावर दाखवा. शांत रस्त्यावरच्या लोकांनी अख्खा रस्ता आपला म्हणून दाखवला. गर्दीच्या रस्त्यावरची माणसं आपल्या इमारतीच्या बाहेर पडायलाच तयार नव्हती.

हे आपल्याला नवं नाही. धुळ्याची जुनी पेठ बघा. कॅप्टन ब्रिग्जने १८१९ मध्ये धुळ्याला खानदेशाचं मुख्य ठाणं केलं, बऱ्हाणपूर आणि इतर गावांहून व्यापारी बोलावले, घरं बांधायला जागा दिल्या. तिथल्या जुन्या गल्ल्या आजही नंबरानं ओळखल्या जातात. गल्ली नंबर चार, गल्ली नंबर पाच. नुसता नंबर, पण त्या गल्लीत वाढलेल्या माणसाला विचारा, नंबर सांगताना त्याचा आवाज बदलतो. कारण तिथे ओटा होता. घराचा दगडी ओटा रस्त्याला लागून, कड बसून बसून गुळगुळीत झालेली. चैत्रात दुपार टळली की ओट्यावर पोळपाट यायचे, उडदाचे पापड लाटले जायचे, खाटेवर जुनं लुगडं पसरून बिबडे वाळत पडायचे आणि कावळे हाकलायला कोणाचं तरी पोर बसवलेलं असायचं. कोणाचं, ते महत्त्वाचं नसायचं.

आता ओटा गेला, कंपाउंडची भिंत आली. जाता जाता आणखी एक सांगते, मनात सलतंय म्हणून. ते पेव्हर ब्लॉक! दिसली मोकळी माती की बसव ब्लॉक. झाडाच्या बुंध्यापर्यंत बसवतात, पाण्याला वाट ठेवत नाहीत. पंचेचाळीस अंशांच्या आपल्या उन्हात ते असे तापतात, की रात्री दहा वाजताही त्यांच्यावर अनवाणी उभं राहवत नाही. निंबाला श्वास घेऊ द्या हो. असो.

जुन्या गल्लीचं कौतुक करताना एक गोष्ट मात्र मी कधी लपवणार नाही. त्या ओट्यावर सगळ्यांना बसू दिलं जात नव्हतं. गल्ली झाडणाऱ्या बाईला ओट्याखाली उभं राहावं लागायचं, आणि तिचं घर गावाच्या पार कडेला. म्हणून रस्ता कसा आखला, एवढंच विचारून भागत नाही. त्यावर कोणाला बसता येतं, हेही विचारायला हवं.

इथे मला माझी आवडती गोष्ट सांगू द्या.

धुळ्याहून आग्रा रोडनं निघालं की शिरपूर, सेंधवा करत माणूस इंदूरला पोचतो. त्या इंदुरातली ही गोष्ट, १९१७च्या आसपासची. गादीवर तुकोजीराव होळकर. शहरात प्लेगचं भय. आपल्या पणज्यांनी ते दिवस पाहिले होते, उंदीर पडायला लागले की घराला कुलूप लावून मळ्यात झोपडी बांधायची. अशा वेळी शहर सुधारायचा आराखडा करायला एक म्हातारे स्कॉटिश गृहस्थ आले, पॅट्रिक गेडिस. मूळचे वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक. मोठे जिद्दीचे. शहरांचे नकाशे आणि चित्रं ह्यांचं त्यांचं अख्खं प्रदर्शन ज्या जहाजात होतं, ते १९१४ मध्ये एम्डेन ह्या जर्मन युद्धनौकेनं बुडवलं. त्यांनी पुन्हा सगळं जमवलं आणि १९१५ साली मद्रासला प्रदर्शन मांडलं. पुढे १९१९ मध्ये मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचा विभाग उभा राहिला, तोही त्यांच्याच हाताखाली.

तर गेडिस नकाशा घेऊन इंदूरच्या गल्ल्यांतून पायी हिंडायचे. लोक दारं लावून घ्यायचे. कोणी तरी बोट दाखवून म्हणालं, ‘हाच तो प्लेग आणणारा म्हातारा साहेब!’ लोकांचं काय चुकलं? साहेब नकाशा घेऊन आला की घर पडतं, असाच अनुभव होता. दुसरा कोणी असता तर पोलीस मागवले असते. गेडिस गेले महाराजांकडे आणि म्हणाले, मला एक दिवस महाराजा करा. महाराज हो म्हणाले.

मग शहरात दवंडी. ह्या दिवाळीत मोठी मिरवणूक निघणार. कुठून? नेहमीच्या वाटेनं नव्हे. हिंदूंच्या मिरवणुकीची वाट वेगळी, मुसलमानांच्या मिरवणुकीची वेगळी, त्यातली एकही नाही. जी गल्ली सगळ्यात स्वच्छ, जिथली घरं सगळ्यात जास्त डागडुजी केलेली, तिथून मिरवणूक जाणार. ऐकलंत ना? जी गल्ली झटेल, तिच्या दारावरून मिरवणूक जाणार.

आणि काय सांगू, शहर कामाला लागलं! वर्षानुवर्षं परसात साठलेला उकिरडा बाहेर आला, गाड्याच्या गाड्या भरून गेल्या. भिंतींना पोतेरं, दारांना रंग. अमुक गल्लीनं चुना आणला, तर आपण मागे कसं राहायचं!

दिवाळीत मिरवणूक निघाली. पुढे घोडदळ, हत्ती. त्यामागे रोगराईची सोंगं, घाणीचा रावणाएवढा राक्षस, आणि प्लेगचा एक प्रचंड उंदीर. आणि मग काही क्षणांत सगळं पालटलं. मागून आले शहराचे सफाई कामगार. स्वच्छ पांढरे कपडे, नवे झाडू, धुतलेल्या गाड्या, बैलांची शिंगं रंगवलेली, गळ्यात फुलांच्या माळा. आणि प्रत्येकाच्या डोक्यावर नवा फेटा, शहराच्या रंगाचा. तोच रंग अधिकाऱ्यांच्या फेट्याचा, तोच रंग नगराध्यक्षांच्या, तोच खुद्द गेडिस ह्यांच्या डोक्यावरचा. झाडूवाल्याच्या डोक्यावर आणि नगराध्यक्षाच्या डोक्यावर एकच रंग, श्रोतेहो! एकच रंग! ज्यांना बघून लोक अंग चोरायचे, त्यांच्यासाठी लोक दारात रांगा लावून उभे होते. त्यांच्या मागून रथात बसून एक नवीच देवी आली, इंदूर नगरी. आधी झाडणारे, मग देवी. हा क्रम गेडिस ह्यांनी लावला, आणि त्यासाठी मी त्यांना हात जोडते. पुढे नव्या इंदूरच्या घरांच्या, वाचनालयांच्या प्रतिकृती होत्या, आणि तुळशीच्या रोपांच्या छोट्या छोट्या कुंड्या लोकांना वाटल्या गेल्या. शेवटी तो राक्षस आणि तो उंदीर जाळला, दारूकाम उडालं.

गेडिस ह्यांचा आराखडाही तसाच होता. गल्ल्या सरसकट पाडून रुंद रस्ते काढायचे नाहीत. अगदी मोडकळीला आलेली मोजकी घरं काढायची, तिथे उजेड, वारा आणि बसायला जागा करायची, बाकीची वस्ती आहे तिथे दुरुस्त करायची. खर्च कमी, आणि माणसं आपापल्या जागी राहतात.

एका दिवसाच्या फेट्यानं कोणाचं आयुष्य बदलत नाही, हे मला कळतं. सफाई कामगारांची वस्ती आजही आपल्या गावांत बहुतेक कडेलाच असते, नाल्याजवळ नाही तर रुळांपलीकडे. आपला घंटागाडीवाला दादा कुठे राहतो, त्याच्या गल्लीत नळ किती वाजता येतो, दिवा लागतो का, हे आपल्यापैकी किती जण सांगू शकतील? श्रावणात आपल्या कानबाई देवीची मिरवणूक निघते, त्या गल्लीत कधी वळते का?

आणि आता त्या झोक्याचं. कॉलनीचा लेआउट मंजूर होतो, तेव्हा साधारण दहा टक्के जागा मोकळी सोडावी लागते. आपण सगळे तिला ‘ओपन स्पेस’ म्हणतो. ती सगळ्यांची. पण कुठे तिला जाळी ठोकून कुलूप लावलेलं असतं, किल्ली दोन-तीन घरांत. पलीकडच्या झोपडपट्टीतली पोरं खेळायला आली की हुसकावतात. कुठे तिथे सभागृह उभं राहतं. कुठे ती जागा नकाशावर आहे, आणि प्रत्यक्षात कोणाच्या तरी गाड्या लावायला आहे.

तेव्हा एक काम करा. नगरपालिकेत किंवा महापालिकेत नगररचना विभाग असतो. तिथे आपल्या कॉलनीचा गट नंबर सांगा आणि मंजूर लेआउटच्या नकाशाची प्रत मागा. टाळाटाळ झाली तर माहिती अधिकाराचा अर्ज द्या, दहा रुपये फी लागते. नकाशावर ओपन स्पेस कुठे दाखवलीय ते बघा, मग तिथे जाऊन काय उभं आहे ते बघा. जाताना शेजारच्या वस्तीतल्या दोघा-तिघांना बरोबर घ्या, आणि अर्जावर त्यांच्याही सह्या घ्या.

नमस्कार.