भुशाची ऊब

श्रोतेहो, नमस्कार.

माझ्या आजीकडे भुशाची शेगडी होती. पत्र्याचा डबा, खाली बाजूला एक भोक. त्या भोकातून एक दांडकं आडवं सरकवायचं, मधोमध बाटली उभी धरायची आणि वखारीतून पोत्याने आणलेला भुसा भोवताली ठासून भरायचा. मग बाटली हलक्या हाताने फिरवत फिरवत वर काढायची. भुसा सैल राहिला असेल तर तिथल्या तिथे ढासळायचा, आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. नीट ठासला असेल तर अख्खा स्वयंपाक त्या एका भरणीवर व्हायचा.

आता मी ऑस्ट्रियात राहते, श्टायरमार्क प्रांतात, ग्राट्झजवळच्या एका गावात. आणि आमचं घर हिवाळाभर भुशावरच गरम होतं. आजी असती तर तिने आधी विचारलं असतं, “ठासलाय ना नीट?” विचारायला हवा तो प्रश्न हाच. या देशाचा जवळजवळ निम्मा भाग जंगल आहे, गावोगावी लाकूड कापण्याचे कारखाने आहेत. तिथला भुसा वाळवून पोलादी साच्याच्या बारीक भोकांतून प्रचंड दाबाने काढतात. त्या दाबाने तो तापतो, लाकडातलंच लिग्निन मऊ होतं आणि थंड झाल्यावर सगळं घट्ट धरून ठेवतं. वेगळा डिंक लागत नाही. तयार होते ती सहा मिलिमीटर जाडीची, चकचकीत कांडी. आपल्याकडे गुरांना घालतात त्या गोळी पेंडीसारखी दिसते. इथे तिला पेलेट म्हणतात. पेलाभर पाण्यात दोन-चार पेलेट टाकून बघा. चांगली असतील तर तळाशी जातात, आणि थोड्या वेळाने फुगून त्यांचा पुन्हा भुसा होतो.

दोन किलो पेलेटमधून साधारण एक लिटर तेलाइतकी उष्णता मिळते. आम्हाला वर्षाला पाच टन लागतात. टँकर येतो, जाड नळी लावून हवेच्या झोताने माल तळघरातल्या कोठारात सोडतो. समोरच्या भिंतीपुढे रबराची चटई टांगलेली असते, नाहीतर भिंतीवर आपटून कांड्यांचा चुरा होईल. माल भरण्याआधी बॉयलर बंद करावाच लागतो. कोठारातून एक लांब मळसूत्री दांडा, म्हणजे स्क्रू, फिरत फिरत पेलेट बॉयलरकडे नेतो, गरम हवेच्या झोताने ती पेटतात, पाणी तापतं आणि खोल्याखोल्यांतल्या रेडिएटरमध्ये खेळतं. राख अगदी थोडी, पाच टनांमागे पंचवीसेक किलो. ती पत्र्याच्या बादलीतच काढायची, कारण आत निखारा बराच काळ जिवंत राहतो.

यात अडचणी नाहीत असं मी म्हणणार नाही. वीज गेली की सगळं थांबतं. २०२२ मध्ये युक्रेनचं युद्ध सुरू झालं, गॅस महागला, लोक पेलेटकडे धावले आणि वर्षभरात भाव दुपटीच्या वर गेले. आणि माझं स्पष्ट मत आहे की भुसा आणि उरलंसुरलं लाकूड आहे तोवरच हे ठीक. त्यासाठी उभी झाडं तोडायची असतील तर मला ते पटत नाही.

पण आज बोलायला बसले ते वेगळ्याच गोष्टीसाठी.

घर घेतलं त्या पहिल्या जानेवारीत रात्री बॉयलर बंद पडला. बाहेर उणे अकरा. आधीच्या मालकांनी वर्षानुवर्षं जुन्या मालावरच नवा माल भरला होता, तळाशी भुकटी साचून स्क्रू अडकला होता. कोठार दोन-तीन वर्षांनी पूर्ण रिकामं करून झाडायचं असतं, हे आम्हाला कोणी सांगितलं नव्हतं. माझा नवरा फावडं आणि बॅटरी घेऊन निघाला. कडीला हात घातला, तेवढ्यात मदतीला आलेले शेजारचे आजोबा जिन्यावरूनच ओरडले, “थांब! आत जाऊ नकोस!”

शेगडी पेटवून दार लावून झोपू नये, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो. इथे तर काही पेटलेलंच नव्हतं. पण ताज्या लाकडात, विशेषतः पाइनसारख्या झाडांच्या लाकडात, जी स्निग्ध द्रव्यं असतात, त्यांचा हवेतल्या ऑक्सिजनशी आपोआप संयोग होत राहतो. त्यातून कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू निघतो. त्याला रंग नाही, वास नाही. कोठारात येतो तो छान ताज्या लाकडाचा वास, आणि माणूस निर्धास्त होतो. २०१० मध्ये जर्मनीत आणि २०११ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये अनेक घरांना पुरवणाऱ्या अशा मोठ्या कोठारांत शिरलेली माणसं दगावली आहेत. नवा माल भरल्यावर पहिले काही आठवडे धोका सगळ्यात जास्त. तेव्हा तर गॅस मोजायचं यंत्र हातात असल्याशिवाय पाऊलही टाकू नये.

त्या रात्री आम्ही दार सताड उघडं टाकून जिन्यावर तिघेही कुडकुडत बसलो. मग नवरा आत गेला आणि आजोबा दारात उभे राहून त्याच्याशी सतत बोलत राहिले. तो काय उत्तर देतो याकडे त्यांचं फारसं लक्ष नव्हतं. उत्तर येतंय ना, एवढंच ते ऐकत होते.

या हिवाळ्यात माझ्या सासूबाई पुण्याहून आमच्याकडे राहायला येत आहेत. त्यांना घरात स्वस्थ बसवत नाही, दिसेल ते दार उघडून झाडलोट करतात. म्हणून कोठाराच्या दारावर जर्मन पाटीच्या खाली मी मोठ्या अक्षरांत मराठी कागद चिकटवला आहे: ‘आई, आधी बॉयलर बंद. मग दार उघडं टाकून पंधरा मिनिटं बाहेर. आणि आम्ही कोणी घरी नसताना आत जायचंच नाही.’