रक्तवाहिनीच्या आतलं रान

[गुऱ्हाळ, पेटलेलं चुलवाण]
कोल्हापुरात साखरेचा विषय निघाला की दोनच प्रश्न असतात. पहिली उचल किती, आणि उपाशीपोटी शुगर किती? समोर काहिलीत रस उकळतोय, गुळव्या मळी काढतोय. ही झाली खायची साखर. आपण आज बघणार आहोत ती साखर, जी आपलं शरीर प्रथिनांवर जोडतं.

[कॉलेजची प्रयोगशाळा, मायक्रोस्कोप]
हा रक्तवाहिनीचा आडवा छेद. आतून पेशींचं एकपदरी अस्तर. त्याच्यावर काहीच दिसत नाही ना? नेहमीच्या पद्धतीनं स्लाइड करताना अस्तरावरचा एक थर निघूनच जातो. १९६६ साली ल्युफ्ट या शास्त्रज्ञांनी रुथेनियम रेड हा रंग वापरला आणि इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली अस्तरावर साखरेचं दाट आवरण दिसलं. याला म्हणतात ग्लायकोकॅलिक्स.

[ड्रोन, पंचगंगेकाठचा ऊस]
वाऱ्यानं हा ऊस कलतोय, तसंच ते आवरण रक्ताच्या प्रवाहात कलतं. त्यावरून खालच्या पेशीला प्रवाहाचा जोर कळतो. ती नायट्रिक ऑक्साइड सोडते, वाहिनी सैलावते.

[अ‍ॅनिमेशन]
आता हे सावकाश बघा, खरी कारागिरी इथं आहे. याच आवरणातलं सिंडेकन नावाचं प्रथिन पेशीतल्या गॉल्जीत, म्हणजे प्रथिनांवर साखर जोडणाऱ्या भागात येतं. त्यातल्या सेरीन या अमिनो आम्लावर आधी झायलोज ही साखर बसते. मग गॅलॅक्टोज, पुन्हा गॅलॅक्टोज, मग ग्लुकुरॉनिक आम्ल. चार कड्या, चार वेगळी एन्झाइम्स. तिथून पुढं हेपरान सल्फेटची लांबच लांब साखळी वाढत जाते आणि तिच्यावर जागोजागी सल्फेट लागतं. प्रथिनाचा क्रम डीएनएत लिहिलेला असतो. या साखळीचा तसा कुठंच लिहिलेला नाही, तरी सल्फेट बरोबर त्या जागी लागलं तर रक्तातलं अँटिथ्रॉम्बिन तिथं येऊन चिकटतं आणि गुठळी होऊ देत नाही. पाठ्यपुस्तकात याला जेमतेम एक परिच्छेद मिळतो!

दुसऱ्या एका प्रकारच्या साखळीसाठी लागणारं एकच एन्झाइम उंदरांमध्ये बंद करून पाहिलं, तर पिल्लं गर्भातच मेंदूत रक्तस्राव होऊन दगावली.

[पुन्हा गुऱ्हाळ, वाफ्यात ओतलेला गूळ]
आणि हो, गूळ खाऊन हे आवरण जाड होत नाही. उलट रक्तातली साखर चढली की ते विरळ होतं, आणि सेप्सिसमध्ये, म्हणजे जंतुसंसर्गानं शरीराचा तोल जीवघेणा बिघडतो तेव्हा, तर त्याचे तुकडे सुटून रक्तात येतात. किती झडलं, याचा अंदाज संशोधक रक्तातलं सिंडेकन-१ मोजून घेतात.