फिन बसवताना

टेबलावर आहे ते बिग बर्था, खरोखर उडणारं मॉडेल रॉकेट. दोन फूट उंच, अंग कागदी नळीचं, फिन्स म्हणजे शेपटीचे पंख बाल्साच्या हलक्या लाकडाचे. चौथी फिन बाजूला पडलीय. जरा जवळून बघा, गम सुटलेलाच नाही. नळीच्या कागदाचा पापुद्रा फिनला चिकटून निघालाय. सांधा पक्का होता, जमीन जास्त कडक निघाली.

आधी नळीवरचा रंग खरवडायचा, कारण गम कागदात मुरतो, रंगात नाही. फिनच्या कडेला सुतारी गमाचा पातळ हात द्यायचा, वाळू द्यायचा. दुसरा हात लावून टेकवली की मिनिटाभरात पकडते. सरळ बसली का, ते शेपटीकडून एक डोळा मिटून बघायचं. मग कोपऱ्यात गमाची धार सोडायची, बोटानं ओढायची आणि रॉकेट आडवं ठेवायचं, म्हणजे ओघळत नाही. घाई असणाऱ्यांना प्लॅस्टिकच्या तयार फिन्स मिळतात. मिळोत बापड्या.

हा छंद निघाला बुटांच्या दुकानातून. अमेरिकेत नेब्रास्का राज्यातल्या नॉरफोकचे दुकानदार ऑर्व्हिल कार्लाइल यांना शोभेच्या दारूची जाण, भाऊ रॉबर्टला मॉडेल विमानांचा नाद. १९५४ मध्ये दोघांनी छत्रीनं खाली येणारं कागदी रॉकेट केलं. १९५७ मध्ये ते नमुने पोचले जी. हॅरी स्टाइन यांच्याकडे. व्हाइट सँड्सच्या क्षेपणास्त्र तळावर काम केलेला माणूस. त्यांनी अशी रॉकेटं विकणारी कंपनी काढली. मोटरी, म्हणजे रॉकेट उडवणाऱ्या दारूच्या नळकांड्या, पुरेनात, तेव्हा डेन्व्हरच्या व्हर्न एस्टेस यांनी मोटरी भरणारं यंत्रच उभारलं आणि त्याचं नाव ठेवलं मेबल. घरी धातूच्या नळीत दारू ठासून बोटं गमावणारी पोरंही तेव्हा होतीच.

आता रंग. बाल्साची छिद्रं सीलरनं भरून, घासून, मग स्प्रेचे हलके हात. इथं हौस आवरावी लागते. शेपटी जड झाली की गुरुत्वमध्य मागे सरकतो आणि रॉकेट भरकटतं. म्हणून ही दोरी: मोटर आणि छत्री भरून, तोल साधतो तिथं बांधून डोक्याभोवती गरागरा. नाक पुढे राहिलं. पास.

मोटरीवर सी६-५ लिहिलंय. सी म्हणजे जास्तीत जास्त १० न्यूटन-सेकंदांचा आवेग, म्हणजे मोटरीचा एकूण जोर, ६ न्यूटन सरासरी रेटा, आणि जळण संपल्यावर ५ सेकंदांनी मोटरीतल्या छोट्या स्फोटानं छत्री बाहेर. छत्रीखाली न पेटणारा कागद हवाच, नाहीतर ती वितळते आणि रॉकेट धोंड्यासारखं येतं.

मोटर पेटवणाऱ्या तारेला विजेचे चिमटे लावले. सगळे पंधरा फूट मागे. तीन, दोन, एक.