इंदुरात राहून पडद्यामागचं काम

(दृश्य: शनिवार दुपार. खंडवा रोडवरच्या सभागृहाचं मागचं दार. मुंबईहून आलेल्या ट्रकमधून फ्लॅट (सेटच्या भिंती), लेव्हल (चौथरे) आणि पेटारे उतरताहेत.)

इंदुरात मराठी नाटक येतं ते एका प्रयोगासाठी नाही. इंदुरात मराठी नाटकं आणणाऱ्या सानंद न्यासाचे सभासद इतके, की त्यांचे पाच गट करावे लागले. रामूभैया दाते, राहुल बारपुते, मामा मुजुमदार अशी त्यांची नावं. एकच नाटक, पाच गटांसाठी पाच प्रयोग. पडद्यामागं काम शोधणाऱ्यानं याचा अर्थ नीट लावावा: मुंबईचं अख्खं युनिट शनिवार-रविवार आपल्या गावात आहे, आणि पहिल्या प्रयोगातच त्यांची माणसं दमलेली आहेत.

अशा वेळी आयोजकांकडे आधी नाव देऊन ठेवावं, रंगमंच मदतनीस म्हणून. काळे कपडे, आवाज न करणारे बूट, खिशात छोटा टॉर्च, कटर आणि चिकटपट्टी. सेल्फी नाही. शक्य झालं तर प्रकाशयोजना चालवणाऱ्याच्या शेजारी उभं राहून त्याचा क्यू कागद वाचावा. कोणत्या वाक्यावर कोणता स्पॉट येतो ते पाच प्रयोगांत पाठ होतं.

शेवटचा प्रयोग संपला की अर्धी माणसं पांगतात. सेट उतरवून ट्रक भरेपर्यंत जो थांबतो, त्याचा नंबर घेतला जातो. आणि नंबर घ्यायचा तो प्रकाशवाल्याचा, ध्वनिवाल्याचा, रंगमंच व्यवस्थापकाचा. नटाचा नंबर मिळवून काही होत नाही. नट कुणाला कामावर ठेवत नाही.

(दृश्य: देवळालीकर कला वीथिका. भिंतीवर चित्रं, बाकावर एक विद्यार्थिनी.)

१९२७ साली इथे चित्रकलेची शाळा सुरू झाली. दत्तात्रय देवळालीकर शिकवायचे. पुढे नावाजलेले चित्रकार बेंद्रे, हुसेन, विष्णू चिंचाळकर हे त्यांचे विद्यार्थी. पण शिकणं इंदुरात आणि शिक्का मुंबईचा, हे तेव्हाही होतंच. बेंद्र्यांनी डिप्लोमा घेतला तो १९३३ साली, मुंबईचा. आजही घराघरांतून तेच ऐकू येतं: “अवंतिकेत बसव पोराला, तिकडेच काय ते काम.” निम्मं खरं आहे ते. संध्याकाळी अवंतिका एक्स्प्रेस पकडली की सकाळी मुंबई. म्हणजेच बैठकीपुरतं जाऊन परत येता येतं, आणि अंधेरीतल्या खोलीचं भाडं वाचतं. भाडं वाचलं तर पहिलं पडेल ते काम नाकारता येतं. हा फायदा कुणी मोजत नाही.

(दृश्य: रामबागेतलं जुनं घर. कपाटाच्या दारावर गोधडी टांगलेली, समोर मायक्रोफोन.)

इंदूरच्या मराठी माणसाची खरी मिळकत म्हणजे दोन भाषा. हिंदी जाहिरातीचा मराठी आवाज, शैक्षणिक व्हिडिओंचं भाषांतर, उपशीर्षकं या कामांना दोन्हीकडे सहज वावरणारा माणूस लागतो. मात्र ही मिळकत नीट तपासून घ्यावी लागते.

आपल्याकडची मराठी हिंदीच्या शेजारी वाढली आहे. “मी येऊन राहिलो” हे घरात गोड लागतं, जाहिरातीत चालत नाही. उच्चारात तीन ठिकाणी पाय घसरतो. ‘ज्ञ’चा हिंदी ‘ग्य’ होतो. विज्ञान म्हणताना मराठीत ‘द्न्य’ हवा. ‘चार’ आकड्यातला च आणि ‘चारा’मधला च वेगळे, तसंच ‘जग’ म्हणजे दुनिया आणि ‘जगणं’ यांतले ज वेगळे. आणि ‘ळ’ला ‘ल’ म्हटलं की पुण्याचा ग्राहक पहिल्याच वाक्यात फाईल बंद करतो. उपाय साधा आहे: रोज दहा मिनिटं मोठ्यानं वाचायचं, ध्वनिमुद्रित करायचं, आणि दुसऱ्या दिवशी ऐकायचं. त्याच दिवशी ऐकलं तर चूक कानाला लागत नाही.

भाषांतरात गडबड होते ती लांबीची. ३० सेकंदांच्या जाहिरातीत मराठीचे ५५ ते ६० शब्द आरामात बसतात. हिंदी वाक्य शब्दाला शब्द लावून आणलं की ७० होतात, मग आवाजवाला धावतो आणि दोष त्याच्यावर येतो. आधी घड्याळ लावून वाचावं, मग पाठवावं.

खोलीसाठी स्टुडिओ लागत नाही. गोधड्या, भरलेलं कपड्यांचं कपाट, बंद पंखा, फ्रिजचं बटण काढलेलं. मायक्रोफोन तोंडापासून वीतभर अंतरावर, जरा तिरका, म्हणजे ‘प’ आणि ‘फ’चे फटके बसत नाहीत. फाईल डब्ल्यूएव्ही, ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट. सर्वांत मोठा आवाज उणे ३ डेसिबलच्या आत. आधी पाच सेकंद नुसती शांतता मुद्रित करून ऐकावी. तिथे गुंगुं आलं तर वाचन कितीही चांगलं असो, फाईल परत येते.

सराव आणि शिस्त दोन्ही एकत्र हवी असेल तर आकाशवाणीचं इंदूर केंद्र आहे, १९५५ पासूनचं. नैमित्तिक उद्घोषकांची जाहिरात निघते तेव्हा लेखी परीक्षा आणि आवाजाची चाचणी होते. महिन्याला जास्तीत जास्त सहा ड्युट्या, म्हणजे त्यावर घर चालत नाही. पण घड्याळाकडे बघत न अडखळता बोलणं तिथे अंगात मुरतं.

(दृश्य: मोबाइलचा पडदा. कुणीतरी निरोप टाइप करतंय, पुसतंय, पुन्हा टाइप करतंय.)

“सर, काही काम असेल तर सांगा.” या निरोपाला उत्तर येत नाही, कारण उत्तर देण्यासारखं त्यात काही नाही. चार ओळी पुरतात: आपण नेमकं काय करतो, एक दुवा, कुठे असतो, पुढच्या महिन्यात कोणत्या तारखा मोकळ्या आहेत. दुवा पाठवण्याआधी दुसऱ्याच्या फोनवर उघडून पाहावा. ड्राइव्हवरची फाईल सगळ्यांना पाहायला खुली करायचं राहून जाणं ही सर्वांत जास्त होणारी चूक आहे, आणि समोरचा परवानगी मागत बसत नाही.

नमुना ६० ते ९० सेकंदांचा, सर्वांत चांगलं काम पहिल्या दहा सेकंदांत. सुरुवातीला फिरणारं नाव आणि संगीत नको. संकलक असाल तर संकलनच दाखवा; ड्रोननं टिपलेला राजवाडा सगळ्यांकडे आहे. पंधरा दिवसांनी पुन्हा लिहायचं ते “पाहिलंत का?” असं नाही, नवीन काम जोडून. आणि सकाळी सहा ते नऊ चित्रीकरणवाल्याला फोन करू नये, तेव्हा त्याचा कॉल टाइम, म्हणजे सेटवर हजर व्हायची वेळ असते.

‘टेस्ट’ मागतात तेव्हा त्यांच्याच मजकुराच्या पंधरा सेकंदांपर्यंत द्यावी. अख्खा मजकूर मागितला तर ते काम झालं, त्याचं बिल होतं. उलट काम देण्यासाठीच कुणी नोंदणीचे, पोर्टफोलिओचे किंवा ‘कार्ड करून देतो’ म्हणून पैसे मागितले, तर फोन ठेवावा.

(दृश्य: महेश्वरचा अहिल्या घाट, पहाट. दोन माणसं मोजमाप घेताहेत.)

६८ व्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत चित्रीकरणाला सर्वांत अनुकूल राज्य म्हणून मध्य प्रदेशाची निवड झाली. महेश्वर इंदूरहून नव्वदेक किलोमीटर. बाहेरचं युनिट येतं तेव्हा स्थानिक माणसं ठरतात ती चित्रीकरणाच्या दिवशी नव्हे, रेकीच्या म्हणजे जागा पाहण्याच्या वेळी, दोन-तीन आठवडे आधी. ती ठरवतो लाइन प्रोड्यूसर, म्हणजे चित्रीकरणाची माणसं आणि खर्च सांभाळणारा. गाठायचं त्यालाच.

त्याला हवी असतात गावाची गुपितं. साड्या सीतलामाता बाजारात, इलेक्ट्रॉनिक्स जेल रोडला, घाऊक किराणा सियागंजात, आणि रविवारी काय बंद असतं. महेश्वरची परवानगी एकाकडे, मांडवगडचे महाल भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडे, अर्ज वेगळे, हेही. कला विभागात खरेदीला पाठवलं तर वीस रुपयांच्या दोरीचीही पावती घ्यावी आणि त्याच रात्री वहीत लिहावी. हिशेब जुळला नाही तर तो आकडा मानधनातून जातो, आणि पुढचा फोन दुसऱ्याला.

कॅमेरा विभागात नव्यानं उभं राहणाऱ्यांसाठी एक गोष्ट: आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची आहे. परदेशी शिकवण्या पाहून शटर एक-साठांश ठेवलं की दुकानातले दिवे चित्रात लुकलुकतात. २५ फ्रेम, एक-पन्नासांश. मेमरी कार्ड भरलं की दोन वेगळ्या डिस्कवर प्रत झाल्याशिवाय ते पुसायचं नाही, कुणी कितीही घाई केली तरी.

(दृश्य: टेबलावर बिलाचं पुस्तक, पॅन कार्ड, चहाचा कप.)

दर सांगताना दिवस म्हणजे किती तास हे आधी लिहून घ्यावं. आठ की बारा? प्रवासाचा दिवस धरला का? दुरुस्त्या किती? दोन दुरुस्त्या दरात, तिसरीपासून वेगळे पैसे, हे सुरुवातीलाच म्हटलं तर कुणाला खटकत नाही. शेवटी म्हटलं तर भांडण होतं.

मानधनातून टीडीएस कापला जातो, व्यावसायिक शुल्कावर बहुतेकदा दहा टक्के. तो बुडत नाही. वर्षअखेर विवरणपत्र भरलं की हिशेबात येतो. अनेक तरुण विवरणपत्रच भरत नाहीत. सेवांची वार्षिक उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर साधारणपणे जीएसटी नोंदणीची गरज नसते.

उद्यम नोंदणी, म्हणजे लघुउद्योग म्हणून सरकारी नोंदणी, मात्र पहिल्या कामाआधीच करावी. आधार आणि पॅनवर होते, फुकट होते. ती असली की लेखी करारात काहीही असो, पैसे ४५ दिवसांत द्यावे लागतात. लेखी करारच नसेल तर १५ दिवसांत. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज, आणि तक्रारीसाठी सरकारी पोर्टल. प्रत्यक्षात तक्रारीपर्यंत क्वचित जावं लागतं. बिलाच्या तळाशी उद्यम क्रमांक छापलेला पुष्कळदा पुरतो.

आता हक्क. १९५७ चा कॉपीराइट कायदा इथे गंमत करतो. वेगळं काही ठरलं नसेल तर पैसे घेऊन काढून दिलेल्या छायाचित्राचा पहिला मालक ग्राहक असतो. पण नोकरीत नसलेल्या लेखकानं लिहिलेल्या संहितेचा पहिला मालक लेखकच. एकाच माहितीपटावर दोघं काम करताहेत, एकाच दिवशी पैसे मिळाले, आणि हक्क निराळे. म्हणून छायाचित्रकारानं काम घेण्याआधीच लिहून घ्यावं, आणि लेखकानं सही करण्याआधी वाचावं. हक्क सोपवायचे तर लेखी आणि सहीनिशी. मुदत लिहिली नसेल तर पाच वर्षं, प्रदेश लिहिला नसेल तर भारत. म्हणूनच तयार करारांत ‘कायमचे’ आणि ‘जगभर’ हे दोन शब्द ठळक न करता मधेच कुठेतरी असतात.

आवाज देणाऱ्यांनी आणखी एक ओळ शोधावी: ध्वनिमुद्रणाचा वापर कृत्रिम आवाज तयार करण्यासाठी करता येईल, अशा अर्थाची. ती ‘सर्व माध्यमांत, सध्याच्या व भविष्यातील तंत्रांनी’ या शब्दांत दडलेली असते. सापडली तर खोडून आद्याक्षरी करायची आणि प्रत परत पाठवायची. त्यांना ती हवीच असेल, तर त्या वापराचा दर वेगळा सांगायचा.

(दृश्य: रामबागेतलं तेच घर. मायक्रोफोनसमोरचा कागद उलटला जातो. “टेक तीन.” पाच सेकंद शांतता.)