चंद्र आणि शुक्राची युती कशी पाहावी

नमस्कार, श्रोतेहो. २४ मार्च २०२३ ची संध्याकाळ आठवते? पाडव्यानंतरची तृतीया, आणि कोरीच्या अगदी बुडाशी शुक्र.

अशी युती, म्हणजे दोघांचं आकाशात शेजारी येणं, असली की पहिला प्रश्न असतो, किती वाजता? छापलेली वेळ भर दुपारची किंवा मध्यरात्रीचीही असू शकते, तेव्हा तिच्यावर अडून बसू नका. चंद्र आपल्याला इतका जवळ आहे की दिल्लीहून आणि कन्याकुमारीहून पाहिलं तर ताऱ्यांमधली त्याची जागा जवळजवळ अर्ध्या चंद्रबिंबाने बदलते. म्हणून एका गावी नुसती युती, तर दुसऱ्या गावी ग्रह चंद्राआड, म्हणजे पिधान.

शुक्र सूर्यापासून ४७ अंशांपलीकडे दिसत नाही. चंद्र मात्र दर तिथीला बारा अंश सूर्यापासून दूर जातो. त्यामुळे संध्याकाळची ही जोडी शुक्ल चतुर्थीपर्यंतच जमते. गुरू-शनीला असलं बंधन नाही, ते पौर्णिमेच्या चंद्राशेजारीही येतात. तृतीयेला सूर्यास्तानंतर साधारण दोन तास हातात असतात. पश्चिम मोकळी असलेली गच्ची गाठा आणि अर्ध्या तासाने एकदा, असं तीनदा पाहून कागदावर दोघांच्या जागा मांडा. चंद्र तासाभरात स्वतःच्या रुंदीइतका पूर्वेला, म्हणजे संध्याकाळी आपल्याला वरच्या बाजूला, सरकतो. ही चाल नुसत्या डोळ्यांनी कळते, आणि खरी गंमत तीच!

दहा बाय पन्नासची, म्हणजे दहापट वर्धन आणि पन्नास मिलिमीटरचं भिंग असलेली, द्विनेत्री दुर्बीण उत्तम. तिच्यात सहा-एक अंश आकाश मावतं. कोपरं कठड्यावर टेका, नाहीतर शुक्र नाचत राहील. मोठ्या दुर्बिणीत मात्र चाळीसपट वर्धनालाही जेमतेम सव्वा अंश दिसतो. अंतर त्याहून जास्त असेल तर दोघं एकत्र मावत नाहीत, मग दुर्बिणीला दोष देऊ नका.

फोटोसाठी आकाशात निळाई असेपर्यंतची वेळ साधा. पुरता अंधार पडला की मोबाइल आपणहून उजेड वाढवतो आणि कोरीचा पांढरा गोळा होतो. पडद्यावर कोरीवर बोट दाबून धरा, उजेड खाली ओढा, मोबाइल टेकवून तीन सेकंदांचा टायमर लावा. झूम नको.

दिवसा चंद्राच्या खुणेने शुक्र शोधायचा असेल, तर सूर्य भिंतीआड जाईल अशा सावलीत उभे राहा आणि मगच दुर्बीण डोळ्यांना लावा.