तीन मापं पीठ

मघाशी आपण सगळ्यांनी प्रभूची प्रार्थना म्हटली. त्यात एक ओळ आहे, 'तुझे राज्य येवो'. लहानपणापासून ती तोंडात इतकी बसली आहे की तिच्यातल्या क्रियापदाकडे लक्षच जात नाही. येवो. 'आम्हाला तिकडे ने' असं म्हणायला प्रभूनं शिकवलेलं नाही. तरी 'स्वर्गाचं राज्य' म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे मेल्यावर जायचा गावच उभा राहतो.

या गैरसमजाला एक शब्द कारण झाला आहे. येशूचं चरित्र, म्हणजे शुभवर्तमान, लिहिणाऱ्यांपैकी मार्क आणि लूक 'देवाचं राज्य' म्हणतात. मत्तय बहुतेक ठिकाणी 'स्वर्गाचं राज्य' म्हणतो, तेही तीसहून अधिक वेळा. मत्तय यहुदी वाचकांसाठी लिहीत होता आणि देवाचं नाव सहसा उच्चारायचं नाही ही त्यांची रीत, म्हणून त्यानं 'स्वर्ग' म्हटलं, असं बहुतेक अभ्यासक मानतात. आपल्याला हे समजायला जड जाऊ नये. माझ्या आजीनं आजोबांचं नाव कधी घेतलं नाही. ती 'हे' म्हणायची, आणि 'हे' म्हणजे कोण ते घरात सगळ्यांना कळायचं. मत्तयचा 'स्वर्ग' तसा आहे.

आता 'राज्य'. मूळ ग्रीक शब्द 'बासिलेया'. त्यात मुलखापेक्षा राजाची सत्ता, त्याचं राज्य करणं जास्त आहे. आपणही विचारतोच की, 'इथे राज्य कुणाचं चालतं?' येशूच्या मुलखातल्या, गालीलातल्या लोकांना याचं उत्तर रोज मिळत होतं. वर रोमचा कैसर, खाली हेरोद अंतिपा, आणि नाक्यावर बसलेला जकातदार. बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाला तुरुंगात टाकल्यावर येशूनं याच गालीलात सांगायला सुरुवात केली की राज्य जवळ आलं आहे. ते शब्द तिथे किती धोक्याचे होते, हे आपण विसरतो. कवी रेव्हरंड ना. वा. टिळकांनी 1917 साली साताऱ्यात आपल्या मंडळीला 'देवाचा दरबार' हे नाव दिलं. मला ते फार नेमकं वाटतं. दरबार म्हटला की राजा समोर बसलेला असतो.

मग हे राज्य येतं कसं? यावर येशूनं सैन्याची गोष्ट सांगितली नाही, पिठाची सांगितली. मत्तयच्या तेराव्या अध्यायात ती एका ओळीची आहे. एका बाईनं खमीर, म्हणजे पीठ आंबवायचं विरजण, घेतलं आणि तीन मापं पिठात लपवलं. सगळं पीठ फुगून आलं.

आमच्याकडे वसईत लग्नाला फुगे, म्हणजे आंबवलेल्या पिठाचे तळलेले गोळे, करतात. आजी रात्री मोठ्या परातीत पीठ भिजवायची. बाजारातलं यीस्ट घरात येण्याआधी त्यात ताडी घालत. वर ओलं फडकं टाकून परात कोपऱ्यात ठेवायची आणि आम्हा मुलांना ताकीद असायची, फडकं उचलून बघायचं नाही. मी एकदा बघितलं होतं. काहीच दिसलं नाही, नुसता गोळा. पहाटे मात्र फडकं वर उचललं गेलेलं, पीठ परातीच्या काठावर आलेलं आणि घरभर आंबूस वास. रात्रभर तिथे कुणी हात लावला नव्हता.

येशूचे श्रोते हे ऐकून दचकले असणार. यहुद्यांच्या वल्हांडण सणाला घरातलं खमीर शोधून शोधून बाहेर काढायचं असतं. परूशी म्हणजे धर्मनियम काटेकोर पाळणारे यहुदी; स्वतः येशूही इतरत्र 'परूश्यांच्या खमिरापासून जपा' म्हणतो. बाटवणारी, नासवणारी गोष्ट, आणि तीच त्यानं देवाच्या राज्यासाठी निवडली! तीही एका बाईच्या हातात, चुलीपाशी. नासरेथच्या घरात त्यानं आपल्या आईला पीठ मळताना पाहिलं असेल, असं मला नेहमी वाटतं. आणि शब्द आहे 'लपवलं'. 'मिसळलं' नाही.

इथे कुणीतरी विचारेल, आणि विचारायलाच हवं, की राज्य आलं आहे तर दवाखान्याच्या दारात माणसं का मरतात, गरिबाची जमीन का जाते? माझ्याकडे याचं सोपं उत्तर नाही. येशूकडेही सोपं उत्तर नव्हतं. त्याच अध्यायात गव्हात निदण उगवलेलं आहे आणि मालक कापणीपर्यंत थांबायला सांगतो. राज्य तुमच्यामध्ये आहे, हे त्यानंच परूश्यांना सांगितलं आणि 'येवो' म्हणायलाही त्यानंच शिकवलं. दोन्ही खरं आहे. फुगलेलं पीठ म्हणजे भाकर नव्हे, पण ते आता पहिल्यासारखं पीठही राहिलेलं नसतं.

राहता राहिली ती तीन मापं. आजच्या हिशोबानं वीस किलोंहून जास्त पीठ. एका घराला एवढं कशाला? शंभर माणसं जेवतील. हे माप येशूच्या श्रोत्यांनी आधी ऐकलेलं होतं. बायबलच्या पहिल्या पुस्तकात, उत्पत्तीच्या अठराव्या अध्यायात, मम्रेच्या एलोन झाडांपाशी, भर दुपारी अब्राहामाकडे अनोळखी पाहुणे येतात. तो धावत तंबूत जातो आणि बायकोला, सारेला म्हणतो, लवकर तीन मापं सपीठ मळ. बाहेर सावलीत बसलेले पाहुणे मोजून तीनच होते.